आईनं न केलेला प्रवास: त्स्फातचे पाच दिवस

पहिला दिवस, बुधवार, १५ मार्च २०२३: रामला

आईच्या दहाव्याला कावळा शिवेना. अलिबागचा किनारा, जून महिना, आभाळ गच्च भरून आलेलं. मामानं हात जोडून सांगितलं, 'घराचं सगळं नीट होईल.' भाऊ म्हणाला, 'बाबांची काळजी करू नकोस.' कावळे सुरूच्या झाडांवर बसून राहिले, खाली येईनात. अर्धा तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, 'आई, तुझ्याऐवजी मी जाते मावशीकडे.' कावळा आला. यात काय खरं, काय योगायोग, याचा वाद मला घालायचा नाही. शब्द दिला होता, तो वर्षश्राद्धाच्या आत पुरा करायचा एवढंच मनात होतं.

मावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण. अलिबागच्या इस्रायल आळीतली, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो असं ही मंडळी सांगतात. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून रायगडात त्यांना शनवार तेली म्हणत. १९७१ मध्ये मावशी लग्न करून इस्रायलला गेली. पुढची पन्नास वर्षं दोघींची मैत्री पत्रांवर चालली. आई प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायची, 'पुढच्या वर्षी नक्की.'

विमानतळापासून रामला अगदी जवळ. मावशीनं दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, 'चाल तुझ्या आईचीच गो.' चौकटीवर तिरकी ठोकलेली छोटी डबी होती, मेझुझा. तिच्यात तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते. मावशीनं बोटांनी तिला शिवून बोटं ओठांना लावली, जशी आपल्याकडे उंबऱ्याला हात लावून बाई आत येते.

संध्याकाळी तिनं मलिदा केला. पोहे भिजवले, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम, बेदाणे घातले, ताटात ढीग रचला आणि भोवती फळं मांडली. माझ्या येण्यासाठी तिनं एलियाहू हन्नाबीला नवस बोलला होता. एलियाहू हा मरण न आलेला संदेष्टा, अग्निरथातून सदेह स्वर्गात गेलेला. कोकणात येऊन तो बेने इस्रायलांना भेटला आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावरून रथासकट वर गेला, त्याच्या खुणा तिथे आहेत अशी त्यांची श्रद्धा. शेजारच्या चार बायका आल्या, सगळ्या मराठी बोलणाऱ्या. गाणं हिब्रू, मग गप्पा मात्र पेण, रोहा, मुरूडच्या.

मी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. १९८० च्या आसपास मावशीनंच पाठवलेलं, आईनं पोथीत जपून ठेवलेलं. निळ्या रंगानं रंगवलेली एक कबर आणि मागे मावशीच्या अक्षरात दोन ओळी: 'हे त्स्फात. इथले लोक म्हणतात, जीव परत परत येतो. तुमच्यासारखंच.' मावशीनं ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, 'उद्या सकाळची बस धरू. माझा गुडघा काय म्हणेल ते म्हणू दे.'

दुसरा दिवस, गुरुवार: त्स्फात

तेल अवीवला बस बदलली. उत्तरेकडे जाताना डोंगर सुरू झाले, उतारांवर लाल रानफुलं पसरली होती, पाऊस नुकताच सरल्याचा हिरवेपणा होता. कावळ्याची गोष्ट मी मावशीला बसमध्ये सांगितली. ती खिडकीबाहेर बघत होती. काही बोलली नाही. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नसेल.

नकाशात या गावाचं नाव सफेद असं लिहितात आणि आपल्या मनात लगेच पांढरा रंग येतो. पण गाव निळं आहे. दारं निळी, कठडे निळे, सिनेगॉगच्या आतल्या भिंतीसुद्धा निळ्या. उंची सुमारे ९०० मीटर. जेरुसलेम, हेब्रॉन, तिबेरियास आणि त्स्फात ही ज्यूंची चार पवित्र नगरं. पहिली अग्नीची, दुसरी पृथ्वीची, तिसरी पाण्याची आणि त्स्फात वाऱ्याचं. गल्लीच्या वळणावर वारा अंगावर आला की ते पटतं.

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर काढलं. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, शेतं, ग्रंथ मागे टाकून माणसं पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तानकडे पांगली. १५१६ मध्ये हा मुलूख ऑटोमन सुलतानाकडे आला आणि त्यातली कितीतरी घराणी या डोंगरावर येऊन राहिली. लोकरीचं कापड विणायचा धंदा चालला. १५७७ मध्ये इथे हिब्रू छापखाना निघाला. आणि एकाच पिढीत इतकी मोठी माणसं या चार गल्ल्यांत राहून गेली की आळंदी आठवावी. योसेफ कारो इथलाच. ज्यूंच्या रोजच्या आचारधर्माचा त्याचा ग्रंथ आजही घरोघर चालतो, आणि त्याच कायदेपंडिताला रात्री एक स्वर्गीय वाणी ऐकू येई, ती त्यानं वहीत उतरवून ठेवली. ज्यूंच्या गूढविद्येचा, कब्बालाचा, मोठा पंडित मोशे कोर्दोव्हेरो इथलाच.

आणि अरी. रब्बी इत्झाक लुरिया, जन्म १५३४, जेरुसलेम. बालपण इजिप्तमध्ये मामाकडे. १५७० मध्ये तो त्स्फातला आला आणि १५७२ मध्ये साथीत गेला, वय अडतीस. हिब्रूत अरी म्हणजे सिंह. आपल्या संस्कृतात अरि म्हणजे शत्रू, तेव्हा हा शब्द ऐकताना कान जरा बदलावे लागतात. इनमीन दोन वर्षं तो इथे होता, स्वतः फारसं लिहिलं नाही. शिष्य हाइम व्हितालनं ऐकलं, टिपलं, जपलं. त्या टिपणांतला एक भाग 'शाआर हा-गिलगुलिम', म्हणजे गिलगुलांचं द्वार.

गिलगुल हा शब्द मला इथे आणणारा. 'गलगल' म्हणजे चाक, त्यावरून गिलगुल, जीवाचं फिरणं.

दुपारी आम्ही अरीच्या सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये गेलो. गावाच्या खालच्या अंगाला, कबरस्तानाच्या वर. आत एका बाजूला बुटकी, गुहेसारखी कोनाडावजा खोली आहे. अरी तिथे बसे आणि एलियाहू हन्नाबी येऊन त्याला शिकवी, अशी परंपरा. हे ऐकलं मात्र, मावशी दारातच खाली बसली. 'हा आमचाच गो. खंडाळ्याला आलेला, तोच इथे येऊन बसायचा.' पदर नव्हता, स्कार्फ होता, त्याच्या टोकानं तिनं डोळे पुसले. काल रात्री ज्याच्या नावानं पोहे कालवले तोच इथे गुरू म्हणून बसलेला. मलाही गलबलून आलं.

रात्री आमच्या उतरण्याच्या घरी यजमानीणबाईंनी मसूरचं सूप दिलं. मोरोक्कोहून आलेलं घराणं. त्या हिब्रूत बोलायच्या, मावशी माझ्यासाठी मराठी करायची, त्यामुळे कब्बालाचं हे सगळं गूढ मी अलिबागच्या बोलीत ऐकलं, याहून मोठं भाग्य नाही.

'सगळे जीव आधी आदामात होते,' मावशी सांगत होती. 'त्याच्या डोक्यात, हातात, टाचेत. त्याच्या हातून चूक झाली आणि सगळे विखुरले. आता जो तो आपला तुकडा नीट करायला फिरतोय.' त्याला तिक्कुन म्हणतात, डागडुजी. तोरात ६१३ आज्ञा आहेत, २४८ करायच्या आणि ३६५ टाळायच्या, त्या शरीराच्या अवयवांशी जुळतात. एका जन्मात सगळ्या घडत नाहीत. जी राहिली तिच्यासाठी जीव पुन्हा येतो. तोही सगळा येत नाही. नेफेश, रुआख, नेशामा असे त्याचे थर, जो थर सुधारायचा राहिला तो येतो, आणि कधी एकाच शरीरात दोघातिघांचे राहिलेले अंश एकत्र नांदतात.

'म्हणजे रहाटगाडगं,' मी म्हटलं.

मावशीनं ते हिब्रूत सांगितलं. यजमानीणबाई हसल्या नाहीत, मान हलवली. मग बोटं मोडत हिशेब करून दाखवला: हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो. गिलगुलची बेरीज ७२. हेसेद म्हणजे दया, त्याची बेरीजही ७२. पुन्हा जन्म मिळणं ही शिक्षा नाही, दया आहे, राहिलेलं काम पुरं करायला दिलेली मुदतवाढ आहे.

इथे मी अडखळले. आपल्याकडे सगळी धडपड फेऱ्यातून सुटायची. इथे मात्र सुटण्याची घाई कोणाला दिसली नाही. राहिलेलं करायचं आहे, बस्स.

तिसरा दिवस, शुक्रवार: कबरस्तान

सकाळी सातला कबरस्तान उतरायला लागलो. डोंगराच्या कडेनं पायऱ्या, खाली खोल दरी, समोर मेरोनचा डोंगर. मावशी एका हातानं कठडा, एका हातानं माझा दंड धरून उतरत होती. कबरी बुटक्या, दगडी, वेड्यावाकड्या. १७५९ आणि १८३७ च्या भूकंपांनी हे गाव दोनदा झोडपलं. १८३७ चा तर १ जानेवारीचा, त्यात गावच्या गाव उतारावरून खाली आलं, एका घराचं छप्पर खालच्या घराच्या अंगणावर.

महत्त्वाच्या कबरी निळ्या रंगवल्यात. अरीची कबर पोस्टकार्डातल्यासारखीच, फक्त रंगाचे थर वाढलेले. मी हात लावला तर निळी पापडी बोटाला आली. वर गारगोट्या, खडे, चिठ्ठ्या. शेजारी लोखंडी पेटीत मेणबत्त्या जळत होत्या, वितळून एकमेकींत मिसळलेल्या, वाऱ्यानं ज्योती एकाच दिशेला झुकलेल्या. एक तरुण दगडावर कपाळ टेकून पुटपुटत होता. अरी शिष्यांना घेऊन गालीलच्या रानात हिंडे, 'इथे अमका ऋषी पुरला आहे' म्हणून जागा दाखवी. शिष्य त्या कबरीवर पालथे पडत आणि मृताच्या जीवाशी आपला जीव जोडू बघत. पुण्यवंताचा जीव काही काळ जिवंत माणसात येऊन राहतो, त्याला बळ देतो, काम झालं की निघून जातो. याला इब्बुर म्हणतात, शब्दाचा अर्थ गर्भ राहणं. कोणाला झपाटलं असं आपण म्हणतो त्याच्या अगदी उलटी, शुभ बाजू.

झपाटणारेही आहेत. त्यांची गोष्ट मावशीनं तिथेच, अल्काबेत्झ या कवीच्या कबरीजवळच्या सावलीत बसून सांगितली. काही जीव इतके मळलेले की त्यांना पुढचा जन्मही मिळत नाही आणि नरकाचं दारही उघडत नाही. आपल्या मनातला नरक कायमचा, यांचा गेहिन्नोम जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. म्हणून तर आईबापांसाठी मुलगा कद्दिश ही प्रार्थना म्हणतो ती अकरा महिनेच. पूर्ण बारा म्हटली तर आपले आईबाप पापी होते असं ठरेल. पण या जिवांना तेही नाही. संहारक देवदूत त्यांना दगडातून झाडात, झाडातून जनावरात हाकलत असतात. आसरा म्हणून ते एखाद्या माणसाला चिकटतात. 'दावाक' म्हणजे चिकटणं, त्यावरून पुढे दिब्बुक हे नाव आलं. अरीच्या काळी नुसतं दुष्ट रुआख, म्हणजे दुष्ट आत्मा, म्हणत.

१५७१ सालची कथा आहे. त्स्फातमधल्या एका विधवेच्या अंगात एक रुआख शिरला. अरीनं स्वतः न जाता व्हितालला पाठवलं. रुआखानं आपली ओळख सांगितली: परस्त्रीशी संबंध ठेवले, अनौरस मुलं झाली, समुद्रात बुडून मेलो, तेव्हापासून मार खात भटकतो आहे. या बाईत कसा शिरलास? तांबडा समुद्र खरंच दुभंगला का, अशी तिच्या मनात शंका होती, त्या फटीतून. व्हितालनं त्याला डाव्या पायाच्या करंगळीतून बाहेर पडायला लावलं, दुसरीकडून गेला असता तर तिच्या जिवावर बेततं. पुढे अरी म्हणाला, हिच्या दाराचा मेझुझा बघा. बघतात तर नव्हताच.

मी ही कथा पूर्वी वाचली होती, पण तिथे बसून ऐकताना मला त्या बाईचं वाटत राहिलं. तरणी विधवा, मनात एक शंका आलेली, आणि तिच्या तोंडून एक पुरुष आपली पापं मोठमोठ्यानं सांगतोय. गाव ऐकतंय. तिच्या स्वतःच्या दुःखाला बोलायला दुसरी जागा नसेल. आपल्याकडे अंगात येणाऱ्या किती बायका मी देवळांच्या पायऱ्यांवर पाहिल्या आहेत, त्यांचे डोळे आठवले. आणि एक गोष्ट मला थोर वाटली. अरीच्या पंथात भूत नुसतं हाकलायचं नसतं. त्याचं नाव विचारायचं, त्याचं काय राहिलंय ते ऐकायचं, त्यालाही वाट काढून द्यायची. रुग्ण दोन असतात, बाई एक आणि तो जीव एक.

उठताना मावशीनं अरीच्या कबरीवर एक खडा ठेवला. 'चहाडी करणाऱ्याचा जीव दगडात जातो म्हणतात. मुका. कोण जाणे हा कोण आहे,' असं म्हणून तिनं तो खडा अगदी हळू ठेवला, लागू नये तसा.

दुपारनंतर गावाचा नूर बदलला. दुकानं चारच्या आत बंद, पाव आणि फुलं घेऊन माणसं घाईनं घरी. अरीच्या झऱ्याच्या कुंडात बुडी मारून आलेले पुरुष ओल्या केसांनी गल्लीतून वर येत होते. ते पाणी बर्फासारखं गार, बायकांना तिथे प्रवेश नाही. सूर्य कलला तसा कुठल्याशा खिडकीतून 'लेखा दोदी' सुरू झालं. ये सख्या, वधूला सामोरे जाऊ. वधू म्हणजे शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस. हे गाणं रचणारा श्लोमो अल्काबेत्झ, त्याच्याच कबरीशेजारी आम्ही सकाळी बसलो होतो. त्या काळी अरी आणि त्याचे शिष्य पांढरे कपडे घालून शेतात जात आणि मावळतीकडे तोंड करून शब्बाथला सामोरे होत.

अशाच एका शुक्रवारची आख्यायिका यजमानीणबाईंनी जेवताना सांगितली. शेतात उभं असताना अरी एकदम म्हणाला, 'चला, हा शब्बाथ जेरुसलेमला करू.' काही लगेच तयार झाले. काही म्हणाले, 'बायकोला विचारून येतो.' अरीनं हात चोळले. सगळ्यांनी एकमुखानं हो म्हटलं असतं तर त्याच घटकेला जगाची सुटका झाली असती, म्हणाला. वेळ टळली.

मावशीनं हे मराठीत सांगता सांगता वाक्य अर्धवट सोडलं. 'पुढच्या वर्षी नक्की' आम्हा दोघींनाही त्याच वेळी आठवलं असणार.

चौथा दिवस, शनिवार: शब्बाथ

लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही, दिवा लावायचा नाही. हे टिपण मी रविवारी आठवून लिहिते आहे.

जेवणात मासा होता. त्याचंही कारण आहे: पुण्यवान जीव माशांत जन्म घेतात, शब्बाथच्या ताटात आशीर्वाद म्हणून खाल्ले की वर जातात, अशी समजूत. जनावर कापायचा सुरा दातेरी असता कामा नये, कोण आत आहे सांगता येत नाही. मला आपले चौऱ्याऐंशी लक्ष आठवले आणि एक फरक जाणवला. आपल्याकडच्या उपदेशात या योनींची भीती घालतात. इथे घास घेणाऱ्यावर जबाबदारी येते. तू नीट आशीर्वाद म्हटलास तर त्याची सुटका, विसरलास तर तो अडकला.

हे सगळेच ज्यू मानतात असं नाही, आणि हे मावशीनं मला बजावून सांगितलं. तालमूद या जुन्या धर्मग्रंथात गिलगुल नाही. दहाव्या शतकात बगदादच्या सआदिया गाओननं या कल्पनेला सरळ खुळेपणा ठरवलं. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्सकडे 'बाहिर' या ग्रंथात ती गुपचूप डोकावते, तेराव्या शतकात स्पेनमधल्या 'झोहार'मध्ये एका गाढववाल्या म्हाताऱ्याच्या तोंडी खुलून येते, आणि त्स्फातमध्ये घराघरांत पोहोचते. 'आम्हा कोकणातल्यांना यातलं काही माहीत नव्हतं,' मावशी म्हणाली. 'आम्हाला शेमाची प्रार्थना माहीत, शब्बाथ माहीत, हन्नाबी माहीत. आणि जीव परत येतो हे तुमच्या आईच्या आईकडून माहीत.'

गेर्शोम शोलेम या मोठ्या अभ्यासकानं म्हटलं आहे की, स्पेनमधून हाकललेल्या लोकांनी आपला वनवास जीवाच्या वनवासात पाहिला. मला हे पटतं. घरातून उठवलेल्या माणसालाच कळतं, आश्रय मागणाऱ्या जीवाचं काय होत असेल. दुपारी आम्ही कलाकारांच्या वस्तीतून फिरलो. ब्रिटिशांनी बांधलेल्या लांब जिन्याच्या एका बाजूला ज्यू आणि दुसऱ्या बाजूला अरब राहत. १९४८ च्या मे महिन्यातल्या लढाईनंतर अरब वस्ती परागंदा झाली. जुन्या मशिदीत आज चित्रं मांडतात. कमानी त्याच, दगड तेच. त्या घरांतली माणसं कुठे कुठे गेली असतील, हा विचार या गावात तरी टाळता येऊ नये असं मला वाटतं.

तीन तारे दिसल्यावर हव्दाला, शब्बाथला निरोप. पिळाची मेणबत्ती, वाइनचा पेला आणि मसाल्याची डबी. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाला एक जास्तीचा जीव मिळतो, 'नेशामा येतेरा', शनिवारी रात्री तो निघून जातो. मन खचू नये म्हणून सुगंध घ्यायचा. डबीत लवंगा होत्या. यजमानीणबाईंनी ती माझ्या नाकाजवळ धरली आणि मी एकदम आमच्या स्वयंपाकघरात होते. आई दाढ दुखली की दाताखाली लवंग धरायची, तिच्या बोलण्यालाच तो वास यायचा. मेणबत्ती वाइनमध्ये विझवली, चर्र झालं. मावशीनं माझा हात घट्ट धरला होता.

पाचवा दिवस, रविवार: मेरोन आणि परत

सकाळी मेरोन. रब्बी शिमोन बार योखाईची समाधी, रोमनांच्या भीतीनं तेरा वर्षं मुलासह गुहेत राहिलेला हा दुसऱ्या शतकातला ऋषी. परंपरा झोहार त्याचाच मानते. बायकांची बाजू वेगळी, गर्दी, रडणं, लहान मुलं. लाग बा-ओमेरच्या उत्सवात २०२१ मध्ये इथे चेंगराचेंगरीत ४५ माणसं गेली. आम्ही थोडा वेळ उभ्या राहून निघालो. बसमध्ये मावशी झोपली.

रामलाला पोहोचेतो अंधार झाला. वरणभात खाल्ला. मावशीनं निजण्याआधी म्हणायचं पुस्तक काढलं, पानं सुटी झालेली. आधी एक क्षमेचा उतारा असतो, मग शेमा. ती पुटपुटत होती, मी पलीकडच्या खाटेवर. मध्येच 'गिलगुल' शब्द कानावर आला तशी मी उठून बसले.

'काय म्हटलंत, मावशी?'

तिनं बोट ठेवून ओळ मराठीत लावून दिली. ज्यानं मला दुखवलं, माझ्या देहाला, माझ्या पैशाला, माझ्या मानाला, जाणून की अजाणता, शब्दानं की कृतीनं, या गिलगुलात की दुसऱ्या गिलगुलात, त्या सगळ्यांना मी क्षमा करते. माझ्यापायी कोणाला शिक्षा होऊ नये.

रोज रात्री. मागच्या जन्मातलीही देणी माफ. आपण ऋणानुबंध म्हणतो, पण त्या गाठीचा दोर रोज निजताना आपल्या बाजूनं सोडायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मावशीनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. '१९९२ ला भारताशी संबंध सुरू झाले ना, तेव्हा मी तुझ्या आईला तिकिटाचे पैसे पाठवले होते. ठाऊक आहे तुला?'

मला ठाऊक नव्हतं.

'तुझ्या बाबांचं ऑपरेशन निघालं. तिनं त्यात घातले. बरोबरच केलं. पण मला कळवलं सहा महिन्यांनी. मी इथे खोली रंगवून ठेवली होती गो. दोन वर्षं पत्र लिहिलं नाही मी. मग लिहिलं, सगळं पहिल्यासारखं झालं, पण ही ओळ आली की पैशापाशी माझी जीभ भरभर पुढे जायची. तीस वर्षं.'

मी काय बोलणार? आईनं या पैशांबद्दल आम्हाला कधी सांगितलं नाही. तिची 'पुढच्या वर्षी नक्की' मी आळस समजत होते. तीत एवढी लाज लपलेली असेल असं मनात आलं नव्हतं.

मावशीनं चष्मा पुसला. ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली, एकेक शब्द सुटा करून, आईचं माहेरचं नाव मध्ये घालून. पैशापाशी थांबली, श्वास घेतला, मग पुढे गेली. शेमा म्हटला. पुस्तक उशाखाली ठेवलं आणि दिवा मालवला.

बऱ्याच वेळानं अंधारातून तिचा आवाज आला.

'तू नाव घेतल्यावर कावळा लगेच आला ना गो?'

'लगेच आला,' मी म्हटलं.